आतल्या बाजूचा फुगवटा

माझ्या नाकावर राग असतो, आणि त्या दिवशी तो सकाळी सहालाच येऊन बसला होता. आठला निघायचं होतं. धाकट्या बहिणीची लेक बाळंत झाली होती, तीही चारशे किलोमीटर लांब. बहिणीला दोन उपचारांच्या मधे डॉक्टरांनी नऊ दिवस मोकळे दिले होते. त्यानंतरचं तेही काही बोलत नव्हते. नातीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच तिचं मागणं. तिला दर दोन तासांनी आडवं व्हावं लागे, म्हणून गाडीमागे आमची जुनी कॅरव्हॅन जोडायची ठरली. आत पलंग होता, चहापुरता ओटाही होता.

कॅरव्हॅन तीन वर्षं शेडमधे उभी. पण आमच्या ह्यांची तिच्यावर भारी माया. दर रविवारी दोन्ही टायरांना काळं पॉलिश. टायर असे चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा.

"नक्षी बघ, नव्यासारखी," हे सांगत राहायचे.

तरी बहीण म्हणाली, "एकदा टायरवाल्याला दाखवू या, ताई." म्हणून गल्लीच्या टोकाला गाडी थांबवली. त्या माणसाला आम्ही गोगलगाय म्हणायचो. नुसती हवा भरायला याला अर्धा तास लागतो.

"हवा भरा आणि सोडा आम्हाला," मी म्हटलं.

त्याने साबणाच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि आधी पॉलिश पुसायला घेतलं. खालून बारीक भेगा दिसू लागल्या, हिवाळ्यात टाचेला पडतात तशा. मग टायरवरचे चार आकडे वाचून म्हणाला, "अकरा वर्षांपूर्वी बनलेत. हे झिजत नाहीत काकू, उभ्या उभ्या म्हातारे होतात." आणि सरळ कॅरव्हॅनखाली आडवा झाला.

साडेआठ झाले. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "अहो, आजारी माणूस बसलंय गाडीत. तुम्हाला आजच कुठे परीक्षा द्यायची आहे? उगाच नसतं खूळ काढून ठेवू नका."

तो खालून बाहेर आला. जॅक लावून चाक उचललं आणि म्हणाला, "हात द्या इकडे. आतल्या बाजूने फिरवा."

फणकाऱ्याने हात घातला. बोटांना लिंबाएवढा फुगवटा लागला.

"आतले धागे तुटलेत. इथे नुसतं रबर हवा धरून आहे," तो म्हणाला. "डोंगर उतरताना फुटला असता. मग कॅरव्हॅन पुढच्या गाडीला घेऊनच कलंडते."

पुढच्या गाडीत माझी बहीण उशीला टेकून बसली होती. आमचे हे पायरीवर मटकन बसले. "मीच दर रविवारी..."

"साहेब, पॉलिशने फुगवटा येत नाही," टायरवाला हळूच म्हणाला. "फक्त लपतो."

या मापाचा टायर त्याच्याकडे एकच निघाला. दुसरा मागवायचा तर चार दिवस. नवातले चार! तो दुकानामागे गेला, तिथे त्याच मापाच्या टायरांची त्याची सामानाची ट्रेलर होती. तिचं चाक काढून, टायर उतरवून त्याने आमच्या चाकावर चढवला. त्याची ट्रेलर विटांवर उभी राहिली. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि आमच्या घरी हे कुणी खरं मानणार नाही.

निघायला दोन वाजले. डोंगर उतरताना मी मागे वळून वळून बघत होते. मागच्या सीटवर बहीण गाढ झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. तिने नातीला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ तिची बोटं मोजत बसली. मला ते बघवेना. बाहेर येऊन टायरवाल्याला फोन लावला.

"माझं चुकलं," मी म्हटलं. एवढे दोन शब्द बोलायला मला साठ वर्षं लागली. "तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. तुम्ही घाई केली असती तर..."

"अहो काकू, ते राहू द्या," तो म्हणाला. "बाळ कसंय? कुणावर गेलंय?"

मी आत गेले आणि फोन बहिणीच्या कानाला लावला. "तूच सांग," म्हटलं.