वाघोबाचा शर्ट

लेकीला मांजराची ॲलर्जी निघाली तेव्हा आमच्या वाघोबाची रवानगी बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, खोलीत झाली. तरीही तिचा खोकला थांबला नाही, तर त्याला दुसरं घर शोधायचं ठरलं होतं. सासूबाई गेल्यापासून तो बाबांच्या उशाशी झोपायचा, म्हणून मला ते नको होतं.

मी पडदे धुतले, पलंगाखाली डोकं घालून केस वेचले. खोकला मात्र हटेना. रोज संध्याकाळी, नेमका गोष्टीच्या वेळी वाढायचा.

म्हणून काल मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिलं. बाबांनी वाघोबाला मांडीवरून उतरवलं, बाहेर येऊन खोलीचं दार लावलं, साबणाने हात धुतले आणि लेकीला कुशीत घेतलं. तिने नाक त्यांच्या शर्टात खुपसलं. शर्टभर पांढरे केस होते.

"बाबा, शर्ट!"

त्यांनी खाली पाहिलं आणि चेहराच उतरला. "म्हणजे एवढे दिवस मीच? देऊन टाक गं त्याला कुणाला तरी."

'हो' अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी त्यांच्या खोलीत खिळ्यावर एक जुना शर्ट अडकवला. "हा वाघोबाचा. बाहेर येताना बदलायचा. बघू थोडे दिवस."

आज लेक कमरेवर हात ठेवून दारात उभी. "आजोबा, शर्ट बदलला? फसवायचं नाही हं!"

"बदलला, फौजदारबाई."

गोष्ट संपेपर्यंत मी भिंतीआड तिचा श्वास ऐकत राहिले. राक्षस मेला, राजकन्या सुटली, आणि ती एकदाच खोकली.