कोपराची जागा

धारवाडच्या सुभाष रोडवर प्रभंजनचं भांड्यांचं दुकान होतं; पण २००२ सालच्या त्या आठवड्यात त्याचं लक्ष गिऱ्हाइकांत नव्हतं. आठ महिने खपून त्यानं रेल्वेचं हातभर डिझेल इंजिन पत्र्यात बनवलं होतं. तांब्याच्या तारेचे कठडे, तांबडा रंग, मधे पिवळा पट्टा. ते बघून पुंडलिकअण्णा एवढंच म्हणाले होते, "चांगलं आहे. पण हे कधी कामावर गेलेलं नाही."

अण्णा अळणावरकडच्या खेड्यातले. त्यांनी बावीस वर्षं मीटरगेजची इंजिनं चालवली. आता मीटरगेजचे रूळच उखडले गेले होते, त्यामुळे खरं इंजिन बघायचं तरी कुठं? प्रभंजनला चैन पडेना. उभ्या बसचा मागचा भाग, स्कूटरचा सायलेन्सर, जिथं काळं दिसेल तिथं, कामानं वस्तू मळते कशी ते बघत, तो थबकायचा. बुधवारी दुकान लवकर बंद करून त्यानं समईची काजळी तेलात कालवली आणि इंजिनाला सगळीकडून फासली.

त्याच्या बायकोनं, सुमननं, दारातूनच विचारलं, "अहो, आग लागली होती काय ह्याला?"

तो चिडला. रॉकेलनं पुसायला गेला, तर काजळीबरोबर एका बाजूचा रंगही निघाला. गुरुवारी परत रंग दिला. वाळला की नाही म्हणून दहादा बोट लावून बघितलं, आणि दहाव्यांदा ठसा उमटला. शनिवारी अण्णा कायमचे लेकाकडे बेळगावला निघणार होते.

शुक्रवारी इंजिन खोक्यात घालून तो गावाबाहेर केलगेरीला अण्णांकडे गेला. अण्णांच्या घरात सामान बांधून ठेवलेलं होतं.

"बा, कुंदर," असं कानडीत 'ये, बस' म्हणत त्यांनी चटईवर जागा करून दिली.

"अण्णा, मला जमत नाही. तुम्हीच सांगा, कुठं काय मळायचं?"

"मग आधी विचारायचं की!" अण्णा हसले. "धूर इथनं वर जातो अन् मागं पडतो. म्हणून काजळी टपावर, मागच्या अंगाला. इथं डिझेल भरताना सांडायचं, त्याचा ओघळ. खाली चाकांजवळ तांबडी धूळ."

प्रभंजननं तिथंच रंगाची डबी उघडली. अण्णा बोट ठेवतील तिथं तो ब्रश टेकवत गेला. मग अण्णांनी इंजिन मांडीवर घेतलं आणि धोतराच्या सोग्यानं ड्रायव्हरच्या खिडकीखाली करकरून घासलं. ओला रंग निघून पत्रा उघडा पडला.

"अहो अण्णा!"

"कोपर," अण्णा म्हणाले. "माझा डावा कोपर इथंच असायचा. रंग कधी टिकलाच नाही. शेडवाले शिव्या द्यायचे."

प्रभंजननं ती नखाएवढी चकाकी बघितली. दुसऱ्या खिडकीकडे बोट करून घाईनं विचारलं, "अन् असिस्टंटच्या बाजूला?"

"तो टेकायचा नाही. भित्रा होता, उभाच असायचा."

त्यानं ब्रश पुसून ठेवला, इंजिन परत खोक्यात घातलं आणि खोकं अण्णांच्या बांधलेल्या वळकटीशेजारी सरकवलं.

"हे तुमच्याबरोबर जाऊ दे," तो म्हणाला, आणि परत मागावंसं वाटायच्या आत चपला घालून बाहेर पडला.