वरच्या गल्लीचा वास

पंचाक्षरी चष्मेवाल्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘ता. उदगीर, जि.’ एवढंच लिहिलेलं होतं आणि पुढं वीतभर जागा कोरी होती. पेंटर म्हणाला होता, “लातूर लिहून रंग कशाला नासवता मालक, सहा महिन्यात उदगीरच जिल्हा होऊन राहिला.” याला चार वर्षं झाली. पेंटर पुण्याला निघून गेला, कोरी जागा राहिली.

पाचव्या साली दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं. उदगीरला त्या रेल्वेची बातमी आली.

पंचाक्षरीच्या भागात दोन गल्ल्या, वरची आणि खालची. त्याचं घर वरचीत. एक दिवस वरचीला टँकर, एक दिवस खालचीला, घरटी दोन घागरी. आधी टँकरचा पाइप नगरसेवकाचा माणूस लिंबाजी धरायचा. पाइप त्याच्या हातात होता तोवर टँकर नेमका त्याच्या मेव्हण्याच्या दारात पंक्चर व्हायचा. कुणी तोंड उघडलंच तर लिंबाजी शांतपणे सांगायचा, “जिल्हा झाला की सगळं लायनीवर येतंय.” शेवटी बायकांनी पाइप हिसकला आणि ईश्वरप्पा गुरुजींच्या हातात दिला. गुरुजी म्हणजे रिटायर हेडमास्तर. माणूस खडूस, पण चोर नाही. लिंबाजी बाजूला उभा राहू लागला, गुरुजींची चूक कधी होते ते बघत.

गुरुजींनी गल्लीवार कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या. तिसऱ्या दिवशी तीनशे घरांच्या सातशे चिठ्ठ्या झाल्या. झेरॉक्सवाला खालच्या गल्लीतच राहत होता.

तेव्हा भुजंग भंगारवाला पोतं घेऊन आला. पोत्यात रुपयाहून मोठ्या गोल चकत्या होत्या. अर्ध्या लाल, त्यांच्यावर मधोमध चिकटवलेला 5 चा आकडा. अर्ध्या हिरव्या, त्यांच्यावर 25.

“हैदराबादचा क्लब बंद पडला, त्याचा माल हाय,” भुजंग म्हणाला. “हातात घ्या, वजन बघा. अख्ख्या जिल्ह्यात याची झेरॉक्स निघायची न्हाई.”

“कोणत्या जिल्ह्यात?” गुरुजींनी विचारलं.

“कोणत्याबी.”

“पण हे असतं कशाचं?”

“मोठी माणसं टेबलावर पैसे ठेवायला लाजतात गुरुजी. म्हणून पैशाच्या जागी हे ठेवतात.”

“म्हणजे जुगार.”

“पोकर म्हणतात.”

“मग तो जुगार नव्हे?”

“हाय की. इंग्लिश हाय.”

गुरुजींनी चकती डोळ्यांजवळ नेली, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि माल पसंत केला. पाच म्हणजे वरची गल्ली, पंचवीस म्हणजे खालची. लोकांनी मनात ठेवलं, लाल वरची, हिरवी खालची. तेच ते, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

अडचण काढली पंचाक्षरीच्या आईनं. बसम्मा ऐंशीची. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे, आणि पूजेला तांब्याभर चांगलं पाणी लागायचंच. ती म्हणाली, “जुगाऱ्याचे हात लागलेली चीज माझ्या पूजेच्या कोनाड्याजवळ नको. धुवून आणा.” बसम्मा म्हणाली म्हणजे दोन्ही गल्ल्यांतल्या बायका म्हणाल्या. चकत्या खरंच चिकट होत्या. वीस वर्षांचा घाम, सिगारेट आणि कबाब त्यांच्यावर थरानं बसला होता.

आता, पाणी वाटायचे बिल्ले धुवायला पाणी आणायचं कुठून? बादलीत घालून घासायचे तर एका घराची पाळी त्यातच गेली असती. गुरुजींनी पंचाक्षरीकडे पाहिलं. तो त्यांचाच विद्यार्थी. शिवाय त्याच्याकडे यंत्र होतं.

यंत्र म्हणजे टोपाएवढी स्टीलची टाकी, तिला एक बटण घड्याळाचं आणि एक पाणी तापवायचं. दोन लिटर पाण्यात चष्मा सोडला की तीन मिनिटांत काचेच्या सांदीतला मळ धुरासारखा निघायचा.

“हे कशानं धुतं?” भुजंगानं विचारलं.

“आवाजानं.”

“हा गूं करून राहिलाय, तो?”

“न्हाई. हा यंत्राचा आवाज. धुणारा आवाज माणसाला ऐकू येत न्हाई.”

भुजंगानं थोडा विचार केला. “मग तो हाय कशावरून?”

“मळ निघतो की.”

“आमच्या घरात मळ निघतो त्यो आवाज समद्या गल्लीला ऐकू जातो,” असं म्हणून भुजंग गेला.

गुरुजींनी वीस लिटरचा एक जार दिला आणि दोन वाक्यं. “पंचाक्षरी, दुसरा जार मिळणार नाही. आणि आकडा जाता कामा नये.”

“रंग जाणार न्हाई गुरुजी.”

“रंगाचं सोड. आकडा.”

हे पंचाक्षरीला कळलं नाही. पण शाळेतही गुरुजींचं त्याला पुष्कळसं कळत नसे, म्हणून त्यानं मान हलवली.

पहिल्या खेपेत पंधरा चकत्या घातल्या. पाणी चहासारखं झालं, दुसऱ्या खेपेला कोऱ्या चहासारखं. वीस लिटर म्हणजे दहा टाक्या, आणि चकत्या तीनशे. एका पाण्यात दोनच खेपा घेतल्या तर हिशोब जेमतेम बसत होता. पण पाचव्या टाकीला जार तिरका करताना पंचाक्षरीच्या हातून दोन लिटर सांडलं. त्या वर्षी सांडलेल्या पाण्याबद्दल कुणी कुणाला सांगत नसे. त्यानंही सांगितलं नाही. पाणी वाचवायला त्यानं पुढच्या चकत्या जास्त घातल्या, वेळ तिनाचा दहा मिनिटं केला आणि तापवायचं बटण दाबलं.

झाकण उघडलं तेव्हा पाण्यावर पाच आणि पंचवीसचे आकडे तरंगत होते.

स्टिकर होते ते. गरम पाण्यानं डिंक सुटला होता. पंचाक्षरी काळजीत पडला, पण घाबरला नाही. लाल लाल होतं, हिरवं हिरवं होतं. आकड्यावाचून काय अडतंय? मात्र काही चकत्या टकल्या आणि काही आकड्याच्या, हे बरं दिसेना. लोक म्हणणार यात दोन जाती आहेत. म्हणून त्यानं सगळ्याच पुन्हा गरम पाण्यातून काढल्या आणि तीनशेच्या तीनशे टकल्या केल्या.

संध्याकाळी गुरुजी आले. त्यांनी एक चकती उचलली, दुसरी उचलली. दोन्ही हातांत धरून तराजूसारखा बराच वेळ अंदाज घेतला. मग खुर्चीत बसले.

“आकडा गेला,” ते म्हणाले.

“रंग हाय की गुरुजी. ही लाल, ही हिरवी.”

“कोणती?”

पंचाक्षरीनं बोट दाखवलं, आणि बोट दाखवता दाखवता त्याला ते आठवलं.

सहा वर्षांपूर्वी स्कूटरच्या लायसनसाठी डॉक्टरकडं जायच्या आधी गुरुजी त्याच्याकडं आले होते. त्यानं ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. लाल ठिपक्यांत हिरव्या ठिपक्यांचा आकडा दडलेला असतो तेच. गुरुजींनी बारा पानं पाहिली आणि विचारलं, “यात आकडा आहे कुठं?” जन्मापासून त्यांना लाल आणि हिरवं एकच दिसत होतं, मळकं, बाभळीच्या शेंगेसारखं. ते पुस्तक घरी घेऊन गेले, पानांच्या क्रमानं आकडे पाठ केले आणि पास झाले. जाताना म्हणाले होते, “हे तुझ्या-माझ्यात.” पंचाक्षरीनं ते इतकं मनापासून पाळलं की स्वतःच विसरून गेला.

“सकाळी सहाला टँकर आहे,” गुरुजी म्हणाले. “वरच्या गल्लीची पाळी. खालचे चाळीसजण तरी रांगेत घुसतात. एकेक बिल्ला माझ्यापुढं येणार. एक चुकला की लिंबाजी ओरडणार, म्हाताऱ्याला दिसत नाही. दुपारी पाइप त्याच्या हातात.”

“आणि परवापासून टँकर मेव्हण्याच्या दारात,” पंचाक्षरी म्हणाला. स्वतःच्या घरी शेवटची घागर तळाला गेली होती हे त्याच्या मनात आलं.

मार्कर पेननं आकडा लिहून पाहिला. अंगठा फिरवला की आकडा अंगठ्यावर यायचा. शिवाय मार्कर तर सगळ्या गावाकडं होता. त्यात गरम पाण्यानं चकत्यांवर राख माखल्यासारखा पांढुरका थर आला होता. तेलाचा हात दिला की तकाकी येते, असं भुजंग सांगून गेला होता, म्हणून पंचाक्षरीची बायको शरणम्मा आतून तेल घेऊन आली. करडीचंही आणि खोबरेलही.

“कंचं लावू?” तिनं विचारलं.

पंचाक्षरीनं दोन्ही वाट्यांकडं पाहिलं. एक वाटी उचलून नाकाशी नेली. मग दुसरी.

“लालला करडी,” तो म्हणाला. “हिरव्याला खोबरेल. मिसळू नको.”

“का?”

“कंपनीनं सांगितलंय.”

गुरुजींनी डोळे मिटले आणि हात पुढं केला. पंचाक्षरीनं त्यावर एक चकती ठेवली. गुरुजींनी हुंगली. “वरची गल्ली.” दुसरी. “खालची.” दहापैकी दहा. शरणम्मा दारात उभी राहून हे बघत होती. नवऱ्याचं तिला समजत नव्हतं हे नेहमीचं. गुरुजींचंही समजेना हे नवीन होतं.

बिल्ले रातोरात वाटले गेले. सकाळी सहाला टँकर आला. गुरुजी खुर्चीवर बसले, पंचाक्षरी मदतीला बाजूला. पहिली बाई आली, तिनं बिल्ला दिला, गुरुजींनी तो नाकाला लावला आणि म्हणाले, “भरा.”



“वास कशापायी घ्यायलेत?” मागून कुणीतरी विचारलं.

“खऱ्या बिल्ल्याला वास असतो,” गुरुजी म्हणाले. “नकलीला नसतो.”

हे सगळ्यांना पटलं. रांगेतले लोक आपापले बिल्ले हुंगू लागले, मग शेजाऱ्याचेही. खालच्या गल्लीतले अठ्ठावीसजण वासावर पकडले जाऊन परत गेले. एकजण म्हणाला, “सर्दी झाल्याली, चुकून आलो.” गुरुजींचं एकदाही चुकलं नाही. लिंबाजी टँकरच्या चाकाला टेकून बघत होता आणि त्याला काही केल्या उमगत नव्हतं.

मग शरणम्मा आली.

त्या दिवशी पहाटे तिनं सासूच्या डोक्याला खोबरेल लावलं होतं. हात धुवायला पाणी कुठलं. पदराला पुसले, त्याच हातानं बिल्ला घेतला, त्याच पदराच्या गाठीला बांधला. लालभडक बिल्ला गुरुजींच्या नाकाशी गेला आणि तिथं थांबला.

“खालची गल्ली,” गुरुजी म्हणाले. “उद्या या.”

“असं काय करता गुरुजी? लाल हाय की,” शरणम्मा म्हणाली.

रांगेतली मुंडकी पुढं आली. लिंबाजी चाकापासून सुटून उभा राहिला. “लाल हाय मास्तर,” तो गोड आवाजात म्हणाला. “तुमाला कंचा दिसतो?”

गुरुजींनी बिल्ला पुन्हा नाकाला लावला. पंचाक्षरीनं बायकोच्या दोन रिकाम्या घागरींकडं पाहिलं. तिच्या मागं शंभरएक घागरी होत्या. घरी बसम्मा आंघोळीवाचून, पूजेवाचून, पाण्यावाचून बसली असणार हेही त्याला दिसलं.

“हिरवा हाय,” पंचाक्षरी म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

“कोवळ्या उन्हात हिरवा लाल दिसतो,” तो म्हणाला. “डोळ्याचं तसं असतंय.”

भागात डोळ्यांतलं कळणारा तो एकटाच होता. शिवाय स्वतःच्या बायकोची पाळी कोण घालवील? लोकांनी बिल्ल्याकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं. एका म्हातारीनं आपला बिल्ला सावलीत नेऊन बघितला आणि तिचीही खात्री राहिली नाही. लिंबाजीनं डोळे चोळले.

“मग आपण खालच्या गल्लीत राहतो व्हय?” शरणम्मानं विचारलं.

“आजच्या दिवस,” पंचाक्षरी म्हणाला.

तिनं घागरी उचलल्या. जाताना तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला यंत्राचा तो ऐकू न येणारा आवाज म्हणजे काय ते कळलं.

घरी तळाचं पाणी तांब्याभर निघालं, ते पूजेला गेलं. स्वयंपाकाला काही उरलं नाही. दुपारी दोघांनी शेंगदाणे खाल्ले. यंत्रातलं काळं पाणी बादलीत होतं, ते शरणम्मानं बेलाच्या झाडाला घातलं. “जुगाऱ्यांचं हाय,” बसम्मा बाजेवरून म्हणाली. शरणम्मा म्हणाली, “झाडाला काय कळतंय अव्वा. इथं माणसाला लाल-हिरवं कळंना.”

संध्याकाळी पंचाक्षरीनं स्वतः तो बिल्ला पुसला, खोबरेलाचा चांगला हात दिला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी खालच्या गल्लीच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहिला. गुरुजींनी बिल्ला हुंगला, आणि मग बिल्ल्याकडं नव्हे, त्याच्याकडं बघत राहिले.

“खालची गल्ली,” ते म्हणाले. “भर बाबा.” आणि पाइप त्यांनी स्वतःच्या हातानं घागरीत धरला, अगदी गळ्यापर्यंत.

त्या आठवड्यात चौदाजण डोळे तपासायला आले. सगळ्यांची तक्रार एकच, लाल लालच दिसतं. शनिवारी लिंबाजी आला. पंचाक्षरीनं त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली, ठिपक्यांचं पुस्तक धरलं. लिंबाजीनं बाराच्या बारा पानं न अडखळता वाचली.

“डोळे चांगले हायत,” पंचाक्षरी म्हणाला.

“चांगले हायत ना?” लिंबाजी पुढं वाकला. “मग आता खरं सांग. वैनीचा बिल्ला लाल का हिरवा?”

पंचाक्षरीनं फ्रेम काढून घेतली, यंत्रात सोडली, बटण दाबलं. यंत्र गूं करू लागलं. त्यानं दारातून वर पाटीकडं पाहिलं, ‘जि.’च्या पुढच्या कोऱ्या जागेकडं.

“जिल्हा झाला की कळंल,” तो म्हणाला.