गिळलेलं वाक्य

मिरेया इतुर्राल्देच्या कचेरीत नवा वकील आला, की त्याला सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करावं लागे. कंपनीच्या कुठल्याही नोकराची चौकशी करायची, तर तोंडातून पहिलं तेच निघालं पाहिजे: ‘मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही सांगाल ते कंपनीच्या कानावर जाईल.’ हे विसरणाऱ्याला मिरेया दारात उभं करीत नसे. माहितीच्या चोऱ्यांचे खटले चालवणाऱ्यांत तिचा साऱ्या मोन्तेविदेओत दबदबा होता. आणि त्या जूनमध्ये, तिथल्या ऐन हिवाळ्यात, ते वाक्य गिळलं कोणी, तर तिनंच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

झालं असं, की रक्त तपासणाऱ्या एका मोठ्या लॅबमधून चाळीस हजार लोकांचे रिपोर्ट चोरीला गेले. कोणाला काय आजार आहे ते इंटरनेटवर उघडं पडलं. मिरेया लॅबची वकील. ती चौकशीला गेली, तेव्हा तिथले कॉम्प्युटर सांभाळणारा विल्मार सोसा काखेत थर्मास धरून तिची वाटच पाहत होता. पन्नाशी उलटलेला, बावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेला माणूस. तिनं तोंड उघडायच्या आत त्यानं माते नावाच्या कडवट चहाचा तुंबा गरम पाण्यानं भरून पुढे केला. तिकडे वकीलबाईला ‘दोक्तोरा’ म्हणतात.

“घ्या, दोक्तोरा. बाहेर हाडं गोठतायत. बरं झालं, आपल्या वकीलबाई आल्या! तीन दिवस डोळ्याला डोळा नाही.”

आता एकाच तुंब्यातून, एकाच नळीनं पिताना समोरच्याला ‘मी तुमची नाही’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं? एवढा घोट झाला की सांगू, असं म्हणत म्हणत तिनं तीन तुंबे रिचवले. तोवर विल्मारनं पोटातलं सगळं ओठावर आणलं.

“जुनी मशीन धोक्याची आहे, बदला, हे मी मॅनेजर पागानीसाहेबांना मार्चमध्येच सांगितलं होतं. तोंडी हं. तुम्हीच नाही का मागे आम्हा नोकरांच्या शिबिरात शिकवलंत, उणिवा लिहून ठेवू नका, उद्या समोरचा वकील वाचेल म्हणून?”

“आणि चोर शिरले कुठून?”

“माझ्या जुन्या पासवर्डनं. बदलायचा राहून गेला. चूक माझीच. नोकरी नाही ना जाणार, दोक्तोरा? या वयात मला कोण उभं करणार?”

“आधी सगळं सांगा तर खरं,” मिरेया म्हणाली. हे उत्तर नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

तिचं टिपण लॅबचा मॅनेजर पागानी याच्याकडे गेलं. पागानीनं त्यातला पासवर्ड उचलला आणि मार्चमधला इशारा तिथेच ठेवला. पुढे एका हॉस्पिटलनं आपल्या पेशंटांच्या वतीनं लॅबवर दावा लावला, तेव्हा बचाव तयारच होता: लॅबची व्यवस्था चोख, निष्काळजी एक नोकर. आणि लॅबच्या बाजूनं साक्ष द्यायला तोच नोकर.

साक्षीच्या आदल्या दिवशी मिरेयानं त्याला फोन केला. “विचारतील तेवढंच सांगा. नक्की आठवत नसेल, तर आठवत नाही म्हणा.” सगळेच वकील हे सांगतात. पण त्या दिवशी तिची जीभ जड झाली होती.

कोर्टात विल्मार मेव्हण्याचा कोट घालून आला. पासवर्डाचं त्यानं न अडखळता कबूल केलं. मग हॉस्पिटलचा वकील उठला.

“धोका आहे, असं तुम्ही कधी वरिष्ठांना सांगितलं होतं?”

विल्मारनं मिरेयाकडे पाहिलं. ती मान खाली घालून कागद चाळू लागली. त्या कागदांत बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“आठवत नाही,” विल्मार म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं! मिरेयाला वाटलं, न्यायाधीशबाईंपासून शिपायापर्यंत सगळे आपल्याकडेच बघतायत. बघत होते ते विल्मारकडे.

मधल्या सुट्टीत बाहेर पागानीनं तिचा हात दाबला. “कमाल केलीत, दोक्तोरा! आता ते पत्रही देऊन टाका, म्हणजे सुटलो.” पत्र तिच्याच बॅगेत होतं, तिनंच लिहिलेलं. विल्मारला कामावरून काढल्याचं, ‘गंभीर गैरवर्तन’ असा शेरा मारून. असा शेरा बसलेल्या माणसाला देशात कोणी कॉम्प्युटरला हात लावू देत नाही.

विल्मार थर्मास घेऊन जवळ आला. त्यानं तुंबा भरून तिच्या हातात दिला. “ठीक बोललो ना? मार्चचं नावसुद्धा काढलं नाही. आपलीच लॅब अडकली असती.”

मिरेयाला स्वतःची किळस आली. माते तोंडाला न लावता ती म्हणाली, “विल्मार, मी कंपनीची वकील आहे. तुमची नाही.” आणि तिनं पत्र पुढे केलं.

त्यानं ते उभ्यानं दोनदा वाचलं.

“हे तेव्हाच सांगितलं असतंत ना,” तो सावकाश म्हणाला, “तरी पासवर्डाचं मी सांगितलंच असतं. खोटं थोडंच बोलणार होतो? पण आज मला सगळं आठवलं असतं.”

तिच्या हातातला भरलेला तुंबा त्यानं परत घेतला आणि तो जिना उतरून गेला.

सुट्टी संपायला अजून दहा मिनिटं होती. साक्षीवर सह्या व्हायच्या होत्या, तोवर ती दुरुस्त करता येत होती; न्यायाधीशबाई आतच होत्या, आणि दार चार पावलांवर होतं. मिरेयानं बॅगेची चेन लावली आणि ती पागानीबरोबर कॉफी प्यायला गेली.