भोंगा आणि अंगठे

"मेला, जागा अडवून बसलाय नुसता! ना बोलायचं काम, ना ऐकायचं. अगदी आमच्या घरातल्यासारखा."

मित्रांनो, झाडूवाल्या मावशींनी आज सकाळी माझ्या तोंडात फडकं कोंबून धूळ पुसताना हे उद्गार काढले. घरातला म्हणजे त्यांचे यजमान. मेला म्हणजे मी. मी आरोग्य केंद्राचा जुना भोंगा आहे. हातात धरून, बटण दाबून, गल्लीगल्लीतून ओरडायचा भोंगा. आज कपाट रिकामं करायचं होतं, म्हणून मावशींनी मला बैठकीच्या खोलीतल्या खिडकीत आणून ठेवलं. तिथे जे ऐकलं, त्याने माझं डोकं असं तापलंय, की पोटात सेल नसतानाही मी बोलणार आहे. मुलांशी गोड बोलावं अशी रीत आहे. आज जमणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मला नुसतं तोंड होतं. मग मूठ बसली, बटण बसलं, पोटात सेलची जागा झाली. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यातून "हॅलो" म्हटलं, शेजारी डबा खात बसलेल्या माणसाच्या हातातला घास पडला, आणि मी पास झालो.

इथे आलो आणि घोगऱ्या सिस्टरांच्या हाती पडलो. घोगऱ्या हे त्यांचं नाव नव्हे, गळा. तो जन्माचाच बसलेला. म्हणून तर मला मागवलं होतं. उंच इमारतींच्या भिंतीमागे एक लांबट गल्ली आहे. दोन्ही अंगांना एकेका खोलीची घरं, मधे सगळ्यांचा एक नळ. सिस्टर त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या आणि मला ओठांशी धरायच्या.

"पाणी उकळून प्या हो! उकळून, गार करून, झाकून!"

आतून आवाज यायचा, "सिलिंडर काय तुमचे मालक भरून देणार का?"

"माझे मालक स्वतःचा चहा गरम करत नाहीत बाई, तुझा सिलिंडर कुठला भरतात!"

हे सगळं माझ्यातूनच जायचं. गल्ली खदखदा हसायची, आणि हसता हसता कुणीतरी पातेलं चुलीवर चढवायचं.

गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाल्या आजींचं टेबल होतं. कोळशाची इस्त्री, शेजारी कपड्यांचे ढीग. त्या विचारायच्या, "किती उकळू गं? बुडबुडे दिसले की उतरवू?"

"नाही आजी, चांगलं खळखळू द्या."

"म्हणजे किती? माझे दोन शर्ट होतील तेवढ्यात."

"होऊ द्या दोन शर्ट."

तेव्हापासून त्या गल्लीत पाणी दोन शर्ट उकळायला लागलं. सासवा सुनांना सांगायच्या, "दोन शर्ट झाल्याशिवाय उतरवू नकोस." हे कुठल्या पुस्तकात नाही, मित्रांनो. एकीने विचारलं आणि दुसरीने उत्तर दिलं, एवढ्यावर ते जन्मलं.

मी काही देव नव्हतो. बहिऱ्या सुताराला मी ऐकू जायचो नाही. रात्रपाळी करून झोपलेली माणसं मला शिव्या घालायची, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण मी कुणापर्यंत पोचलो नाही हे सिस्टरांना समोरच दिसायचं. बंद दार दिसलं की मला काखेत मारून त्या कडी वाजवायच्या. सुतारापुढे पातेलं धरून खुणा करायच्या. तो उलट त्यांनाच चहा पाजायचा.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, डॉक्टर चांगला आहे. फक्त घाई फार. त्यांनी मला दोन बोटांत उचललं, जसा काही मी मेलेला उंदीर, आणि म्हणाले, "हे बाबा आदमच्या जमान्यातलं आता बंद. सगळ्यांच्या हातात फोन आलाय." उंच इमारतीतल्या लोकांची माझ्याबद्दल तक्रारही होती, दुपारची झोप मोडतो म्हणून. सिस्टरांचे गुडघे दुखत होते. खोटं कशाला बोलू, त्यांनाही बरंच वाटलं. मी कपाटात गेलो.

फोनवर टाकायची चित्रं काढायला एक मुलगी नेमली. सगळे तिला चित्रवाली म्हणतात. पोरगी हुशार आहे, मन लावून काम करते. साहेब रोज तिच्या खांद्यावरून वाकून विचारायचे, "आपली पोच किती?" आकडा वाढला की बिस्किटं यायची. कपाटाच्या फटीतून मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, साहेब, आपल्या भाषेत पोच या शब्दाला दोन धारा आहेत. ज्याला कुठे काय बोलावं हे कळत नाही, त्यालाही आपण म्हणतो, याला काही पोच नाही!

आणि मग गेल्या आठवड्यात रस्ता खणताना गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळलं.

त्याच दिवशी चित्र गेलं. निळा रंग, चष्मा घातलेला पाण्याचा थेंब, खाली बारीक अक्षरांत 'पाणी उकळून प्या'. छानच होतं. हजारो लोकांनी पाहिलं. बदाम आले, जोडलेले हात आले, ढिगाने अंगठे आले. समुद्रापलीकडून एकाने लिहिलं, 'सुंदर माहिती.' एकीने विचारलं, 'अक्षर कुठलं वापरलंय?' सिस्टरांनीही घरी सोफ्यावर पाय पसरून एक बदाम पाठवला. ज्यांच्या स्वयंपाकघरात पाणी गाळायचं यंत्र भिंतीवर लटकतंय, त्यांनी त्या थेंबाचं तोंडभरून कौतुक केलं.

गल्लीतल्या बायका नळावर भांडून हंडे भरत होत्या. चित्र दिसेल असा फोन घरटी एक. तो सकाळी घरधन्याच्या खिशात बसून कामावर जातो. आजींकडे बटणांचा जुना फोन आहे. त्यात चित्र येत नाही, नुसता आवाज येतो. पण आवाज पाठवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पाण्याला वास नव्हता. आजी भर उन्हात इस्त्री करतात, त्यांना तहान फार. दोन दिवसांनी जुलाब लागले. आधी त्या, मग शेजारची लेकरं, मग अर्धी गल्ली. आज आजी मोठ्या इस्पितळात आहेत. सलाईन चालू आहे, पण लघवी होत नाही. मूत्रपिंडं चालतील की नाही, सांगता येत नाही म्हणतात.

फोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. चूल वाईट नसते, पातेलं वाईट नसतं. माझा राग वेगळाच आहे. ज्याला सांगायचं, त्याच्या हातात काय आहे, हे कुणी पाहिलंच नाही. आज ना उद्या तुमच्याही हातात फोन येईल, मित्रांनो. आरोग्याची एखादी खरी सूचना त्यावर आली तर अंगठा देऊन मोकळे होऊ नका. मान वर करा. घरात कुणाकडे फोन नाही, कुणाला वाचता येत नाही, कुणाचा चष्मा फुटलाय, ते बघा आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ते उलट प्रश्न विचारतील, तेव्हा वैतागू नका. प्रश्न विचारला म्हणजे ऐकलं.

आता आजच्या बैठकीचं सांगतो.

साहेबांनी आजींच्या मुलाला बोलावून घेतलं होतं. तो त्या उंच इमारतींपैकीच एकीचा वॉचमन आहे. निळ्या गणवेशात दाराशी उभा होता. खुर्ची होती, पण बस असं कुणी म्हटलं नाही.

"तुम्ही आमच्या ग्रुपवर आहात ना?" साहेब म्हणाले.

"आहे साहेब."

"हे बघा. आमच्या सूचनेखाली तुमचाच अंगठा."

"असेल साहेब."

"असेल म्हणजे? वाचलंत, अंगठा दिलात, आणि जन्मदात्या आईला सांगितलं नाहीत?"

वॉचमनने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वाचलं नाही साहेब. आमचा सुपरवायझर कामाच्या ग्रुपवर टाकतो, ज्याचा अंगठा नाही, त्याची हजेरी नाही. मग आम्ही येईल त्याला अंगठा देत सुटतो. वाढदिवसाचं आलं तरी देतो, मयताचं आलं तरी देतो. अंगठा म्हणजे वाचलं असं नाही साहेब. अंगठा म्हणजे हजर."

माझ्यात सेल असते तर मी तिथेच किंचाळलो असतो. पूर्वी अडाणी माणसाचा अंगठा घ्यायचे, तेव्हा निदान आधी कागद वाचून तरी दाखवायचे!

साहेब खाकरले. मग लिहून घेणाऱ्या कारकुनाकडे वळून म्हणाले, "घ्या. 'वारंवार सूचना देऊनही नागरिकांनी दुर्लक्ष केले.' आणि दुपारपर्यंत नवीन चित्र टाकू. या वेळी लाल रंगात."

गल्लीच्या नळाला तेच गटार मिसळलेलं पाणी यायची वेळ होत आली होती. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सिस्टर आपल्या गुडघ्यांकडे बघत होत्या. कारकून लिहीत होता. वॉचमन भिंतीकडे बघत होता.

चित्रवाली आपल्या फोनवर काहीतरी खालीवर करत होती. "साहेब, कुणीकुणी पाहिलं ते दिसतं यात."

"पोच चांगलीच आहे ना?"

"चांगलीये. बहुतेक सगळे माझ्या वयाचे. निम्मे तर या शहरात राहतही नाहीत." तिने फोन टेबलावर ठेवून साहेबांकडे सरकवला. "प्रत्येक वयाची एक रेघ आहे, जितक्यांनी पाहिलं तितकी लांब. वय जसं वाढतं तशी रेघ आखूड होते, बघा. आणि साठीपुढच्या बायकांपाशी तर रेघच नाहीये."

"ते आपण नंतर बघू," साहेब म्हणाले. "आधी वाक्य पुरं होऊ दे. 'सूचना देऊनही...'"

"ते नका लिहू साहेब."

कारकुनाचं पेन थांबलं. सिस्टरांनी मान वर केली.

"चित्र माझं होतं, म्हणून म्हणते." तिने कारकुनाच्या कागदावर हात ठेवला. "दुर्लक्ष कुणी केलं नाही. आपण त्यांना सांगितलंच नाही."