वहीत नसलेलं माप

शिंप्यानं लफडं केलं ते केलंच, वर पकडला गेला तोही स्वतःच्याच तोंडानं. दुकानात कात्री त्याची आणि मापाची वही बायकोची, हा बावीस वर्षांचा शिरस्ता. तो टेप लावून आकडे सांगायचा, ती लिहून घ्यायची. एके दिवशी टेबलावर कापून ठेवलेला निळा ड्रेस तिला दिसला. तिनं वही चाळली.

"हा ड्रेस जिचा, त्या बाईचं माप कुठंय?"

"लक्षात होतं," गाढव बोलून गेला आणि मग जीभ चावत बसला.

बायकोनं दुकान डोक्यावर घेतलं, ड्रेसच्या चिंध्या केल्या आणि तडक भावाकडे निघून गेली. चार महिन्यांनी परत आली.

"माफ केलं," ती म्हणाली. "आता त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. मला एक ड्रेस शिवून द्या."

शिंप्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं मोठ्या झोकात कापड पसरलं, खडू उचलला आणि हात तिथंच थांबला. पाठ किती, कंबर किती, बाही किती? काही म्हणजे काही आठवेना. आठवणार कुठून? आजवर तिनं उरल्यासुरल्या कापडातून आपलं आपणच शिवलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 मग ती गिऱ्हाइकासारखी त्याच्यापुढे पाठमोरी उभी राहिली आणि वहीचं कोरं पान उघडलं.

"घ्या टेप," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी लिहिते."