मासा जेवत आहे, बाहेर थांबा

जिल्हा नवा झाला तेव्हा लातूरकरांनी पोत्यानं गुलाल उधळला. तो धुवायला पाणी नाही, हे पुढच्या उन्हाळ्यांत ध्यानात आलं.

जिल्ह्यामागोमाग ऑफिसं आली. त्यातल्या एका ऑफिसाला अजून पाटी नव्हती, काम मात्र ठरलेलं होतं : कोणत्या गावाला टँकर द्यायचा आणि कोणत्या गावाला कारण द्यायचं. तिथल्या मधल्या खोलीत, अर्जदारांच्या बाकड्यासमोर, काचेची एक पेटी होती. पेटीत काठोकाठ पाणी. बोअर पाडणाऱ्या शिवमूर्तीनं ती साहेबांना भेट दिलेली. त्याच्या बोअरांतून सगळीकडं नुसता फुफाटा निघायचा. त्यानं जिल्ह्याला पाणी दाखवलं ते एवढंच.

आणले तेव्हा मासे बरेच होते. टँकरच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरीनं बाकीचे पोटं वर करून तरंगले. उरला एक. बोटाच्या पेराएवढा, नारंगी, पोरसवदा. तो पेटीतल्या शोभेच्या प्लास्टिकच्या विहिरीमागं जाऊन बसला तो बसलाच. खाणं टाकलं की आणखी आत सरकायचा.

शिवमूर्ती सांगून गेला होता, पेटीतला मासा उपाशी राहिला की खुर्ची हलते. साहेब एम.एस्सी. होते. पण खुर्चीच्या बाबतीत उगाच धोका कोण घेतो? त्यांनी रेणुकादास क्लार्कला आत बोलावलं.

"तुमच्यात मासे खात नाहीत ना?"

"नाही साहेब. अंडंसुद्धा येत नाही घरात."

"आजोबा?"

"आजोबा लसूणही खात नव्हते."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग हे काम तुमचंच. त्याला वास येतो हो. इथं सगळे खाणारे. आपला दगडोबा शिपाई जवळ गेला की तो जास्तच आकसतो, मी स्वतः पाहिलंय."

रेणुकादासला हसू आलं नाही, कारण त्याचा बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावरच पडून होता. बायको सौदामिनी निलंग्याच्या शाळेत शिकवायची. लहानगी लेक चंद्रप्रभा तिच्यापाशी. हा शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं जायचा, रविवारी माघारी. त्या घरात एरवी येणारे पुरुष म्हणजे सौदामिनीचे भाऊ. पोरीनं बापालाही त्यांच्यातच धरलं. ती त्याला मामा म्हणायची, तेही दाराआडून. आणि तो घरात असेस्तोवर ताटाला शिवायची नाही. आता निलंग्याला क्लार्कची जागा रिकामी झाली होती.

"मासा जेवू द्या," साहेब म्हणाले, "मग निलंग्याचं बघू."

रेणुकादास कामाला लागला. टँकरचं पाणी तो बादलीत उघडं ठेवायचा, पावडरीचा वास उडाला की मगच हळूच पेटीत सोडायचा. पेटीच्या तीन बाजूंना त्यानं जुने कागद डकवले. हैदराबादचं डब्यातलं खाणं मासा तोंडात घेऊन थुंकायचा, म्हणून त्यानं घरमालकाच्या रांजणातल्या डासांच्या अळ्या गाळून आणल्या.

पंचशीला टायपिस्ट नांदेडची. तिनं मशीनवरचे हात न थांबवता विचारलं, "रेणुकादासराव, सात पिढ्यांची पुण्याई अळ्या वेचण्यात खर्ची घालून राहिलात काय?"

"निलंग्याला जायचंय बाई."

अळ्याही तळाशी गेल्या. मासा विहिरीमागंच. खोलीत माणसांची सारखी ये-जा. घागरी घेऊन आलेल्या बाया आधी पेटीपाशी थांबायच्या. शिरूर अनंतपाळकडची धुरपताबाई तर काचेला नाक लावून उभी राहायची.

"येवड्या पान्यात आमच्या आळीचं दोन दिस भागलं आसतं," ती एकदा म्हणाली.

"मागं सरका बाई, बुजतो तो."

"बुजू द्या की. मी काय खाऊन राहिले व्हय त्याला?"

रेणुकादासनं त्याच दिवशी बाकडं उचलून बाहेर, भिंतीलगत ठेवायला लावलं. तिथं सावली नव्हती. मग एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'मासा जेवत आहे, बाहेर थांबा', आणि तो दारावर टांगला. ऑफिसची पाटी यायची होती. ही आधी आली.

पंचशीलानं पुठ्ठा वाचला. "आमच्या आज्याला पाणवठ्यावरून हाकलायचे," ती म्हणाली, "तेव्हा कारण तरी माणसांचं सांगायचे."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," रेणुकादास म्हणाला, आणि तिच्याकडं बघितलं नाही.

कुणाकडंच न बघणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. माशाकडं बघितलं की मासा लपतो, हे त्याला उमगलं होतं. रोज ठरल्या वेळी तो पेटीकडं पाठ करून बसायचा, चिमूटभर अळ्या सोडायचा आणि बोटं पाण्यात तशीच ठेवायचा. अशाच एका सकाळी बोटाला काहीतरी हुळहुळलं. मासा जेवत होता.

त्या शनिवारी निलंग्याला त्यानं तेच केलं. भाकरीचा तूप-गुळाचा मलिदा केला, ताटली उंबऱ्यापाशी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसला. खूप वेळानं मागं पोरीची बांगडी किणकिणली. ताटली रिकामी झाली होती. सौदामिनी हळूच म्हणाली, "अहो, आणखी दोन शनिवार असेच बसा. मांडीवर येईल." परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली नाही, याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.

सोमवारी साहेब दारातच उभे होते.

"काल हा जेवला नाही. दगडोबानं टाकलं, मी रविवार असून येऊन टाकलं. विहिरीमागून हलला नाही."

"साहेब, सवय लागेल त्याला. माझ्या बदलीचं—"

"तेच म्हणतोय मी. निलंग्याला क्लार्क कुणीही चालेल. इथं तुमच्यावाचून अडतंय." त्यांनी अर्जावर 'कार्यालयीन निकड' असा शेरा मारला. "आणि इथून पुढं रविवारीही या. आपण सगळेच दुष्काळात झिजून राहिलोत, तुम्ही एकटेच नाही."

साहेब आत गेल्यावर रेणुकादास पेटीपुढं उभा राहिला. मग त्यानं काचेवर थाडकन हात मारला. विहीर हादरली. मासा लपला नाही. तोंडाचा चंबू करून वर आला आणि खाणं मागू लागला.

"आता नाही भिणार तो," पंचशीला म्हणाली. "सरकारी झालाय."

शनिवार गेले. निलंग्याहून सौदामिनीचा निरोप आला, पोरगी पुन्हा दाराआड जाऊ लागली म्हणून. रेणुकादासनं उलट निरोप धाडला, मला सुटी नाही, तुम्हीच या. कोणत्या दिवशी येणार ते तिनं कळवलं नाही.

ती आली तेव्हा तो पेटीत हात घालून बसला होता. मागं साहेब, सोबत शिवमूर्ती; खुर्ची शाबूत असल्याचं दोघं मिळून बघत होते.

दगडोबा दारातून कुजबुजला, "रेणुकादासराव, बाहीर एक मास्तरीणबाई हायत, लेकरू घेऊन. तुमालाच इचारून राहिल्या. म्हन्लं, मासा जेवून राहिला, बसा बाकड्यावर."

रेणुकादासची मान खिडकीकडं वळली. बाकड्यावर, भर उन्हात, सौदामिनी डोळ्यांवर पदर धरून बसली होती. शेजारी धुरपताबाई, पायाशी रिकामी घागर. तिनं भाकरीचं फडकं सोडलं होतं, नजर रस्त्यावर टँकरच्या वाटेला. भाकरीचा तुकडा धरलेला हात तिनं नुसताच बाजूला केला होता, आणि चंद्रप्रभा त्या हातातून खात होती.

तो उठू लागला.

"हलू नका," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "आला बघा, आला."

तो खाली बसला. बोटाला माशाचं तोंड लागलं.

बाहेर धुरपताबाई विचारत होती, "कोन हाय गं तुजं हितं, बाई?"

"मामा," पोरगी म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला.